ब्लॉकच्या भिंतीला तीच भेग पुन्हा पुन्हा का येते? पुट्टीचा डबा उघडण्याआधीच्या तपासण्या

दिवाळीला रंग काढला आणि होळीला भेग त्याच जागी परत हजर. अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, भिंत विटेची की ब्लॉकची? उत्तर बहुतेक वेळा ब्लॉक असतं. ब्लॉक म्हणजे एएसी, ते पांढरट-करडे, हलके, करवतीने कापता येणारे ठोकळे. पुण्याकडचे गवंडी कुठल्याही कारखान्याचा माल असला तरी त्याला सिपोरेक्सच म्हणतात, जसं आपण कुठल्याही मशीनवर झेरॉक्स काढतो.

मी आधी साइटवर सुपरवायझर होतो, आता दुरुस्तीची छोटी कामं घेतो. सुरुवातीला मीही भेग दिसली की पुट्टी भरून मोकळा व्हायचो. एका घरातली बेडरूमची भेग मी तीन वेळा भरली. चौथ्यांदा गेलो तेव्हा तिथल्या आजी म्हणाल्या, "अरे, तू औषध देतोयस की नुसती पावडर लावतोयस?" आजींचं बरोबर होतं. भेग कुठून सुरू होते, कुठे संपते आणि कधी रुंदावते हे कळल्याशिवाय थापी हातात घेण्यात अर्थ नाही.

तुमची भेग यातली कुठली?

- बीमच्या बरोबर खाली, आडवी, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत
- कॉलमला चिकटून उभी, फुटपट्टीने आखल्यासारखी
- खिडकी किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली
- पायऱ्या पायऱ्यांची, म्हणजे ब्लॉकच्या दरजांतून (दोन ब्लॉकमधल्या सांध्यांतून) वळणं घेत गेलेली
- स्विचबोर्डपासून सरळ वर किंवा खाली
- कोळ्याच्या जाळ्यासारखी, केसाएवढी बारीक, भिंतभर पसरलेली
- फक्त सगळ्यात वरच्या मजल्यावर, गच्चीच्या स्लॅबखाली

आधी थांबायच्या खुणा

भेग भिंतीत नसून बीम, कॉलम किंवा स्लॅबमध्ये असेल. भेगेतून गंजाचे तपकिरी ओघळ येत असतील. एकच तिरकी भेग खालच्या-वरच्या मजल्यांवर त्याच जागी असेल. बाल्कनी किंवा गच्चीचा कठडा झुकल्यासारखा वाटत असेल. दारं-खिडक्या अलीकडेच अडकायला लागल्या असतील. यातलं काहीही दिसलं तर पुढचं वाचू नका. गवंडी किंवा रंगारी नको, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. तो येईपर्यंत तिथे ठोकाठोकी करू नका आणि भेग बुजवूही नका. बुजवलेली भेग त्याला वाचता येत नाही.

ब्लॉक असा का वागतो

औष्णिक वीज केंद्राची राख किंवा दळलेली वाळू, चुना, सिमेंट, थोडं जिप्सम आणि चिमूटभर अ‍ॅल्युमिनियमची पावडर असा हा मसाला. पावडर चुन्याशी भिडली की हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि मिश्रण इडलीच्या पिठासारखं फुगतं. मग ते तारेने कापून मोठ्या बंद भांड्यात, दाबाखालच्या वाफेत कित्येक तास शिजवतात. म्हणून तो हलका. घनमीटरला साधारण ५५० ते ६५० किलो, तर लाल वीट त्याच्या जवळपास तिप्पट. इमारतीवरचा भार कमी होतो, ताकद भिंतीपुरती भरपूर असते. मला हा माल आवडतो, हे आधीच सांगून टाकतो.

पण तो कारखान्यातून ओला येतो आणि सुकताना आकसतो. आयएस २१८५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात पहिल्या प्रतीच्या ब्लॉकला ०.०५ टक्के आणि दुसऱ्या प्रतीला ०.१ टक्क्यापर्यंत आकसायची मुभा आहे. आकडा किरकोळ वाटतो, पण ४ मीटरच्या भिंतीला हिशोब लावा: पहिल्या प्रतीचे २ मिलिमीटर, दुसऱ्या प्रतीचे ४. हे आकसणं भिंत बांधण्याआधी झालं तर कुणाला कळतही नाही. गिलावा आणि रंग झाल्यावर झालं तर भेग पडते. म्हणून ब्लॉक महिनाभर साइटवर ताडपत्रीखाली ठेवावेत. प्रत्यक्षात सकाळी ट्रक उतरतो आणि दुपारी भिंत उभी राहते.

त्यात विटेची सवय. लाल वीट टाकीत बुडवून काढायची हे गवंड्याच्या हाडात भिनलेलं असतं आणि विटेसाठी ते बरोबरच आहे. ब्लॉकला मात्र वरवर ओला हात पुरतो. एक जुने मिस्त्री ब्लॉकच्या थप्पीवर पाइप सोडून जेवायला जायचे. त्यांच्या हातची जुडाई (ब्लॉक रचून जोडणं) ओळंब्यात सुरेख असायची, पण पुढच्या उन्हाळ्यात त्या भिंती भरायला मीच जायचो.

तपासणी १: पेन्सिल आणि तारीख (खर्च शून्य)

भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहा. सर्वांत रुंद जागी आडवी खूण करा आणि फुटपट्टी धरून फोटो काढा. मग किमान दोन-तीन महिने, शक्यतो ऋतू बदलेपर्यंत, दर पंधरा दिवसांनी बघा.

कारण भेगा दोन जातीच्या. काही एकदा पडून गप्प बसतात, म्हणजे आकसणं संपलेलं असतं. काही चालू असतात. ब्लॉक पावसाळ्यात ओल घेऊन थोडा फुगतो, भेग मिटल्यासारखी दिसते आणि लोक म्हणतात, गेली. उन्हाळा लागला की परत उघडते. अशी मिटलेली भेग श्रावणात भरून घेणं म्हणजे पैसे पाण्यात. भरायची तर ती पूर्ण उघडी असताना, माघ-फाल्गुन ते वैशाखात.

घर नवं असेल तर या फोटोंचा दुसराही उपयोग आहे. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करून द्यायचा असतो. त्यामुळे पाच वर्षांच्या आत असाल तर स्वतः भरू नका. तारखेसह फोटो जोडून लेखी तक्रार करा. नंतर "तुम्हीच छेडछाड केली" हे ऐकायला नको.

तपासणी २: नाण्याने टकटक

भेगेच्या दोन्ही बाजूंना वीतभर अंतरापर्यंत नाण्याने वाजवा. आवाज भरीव आला तर गिलावा ब्लॉकला धरून आहे. पोकळ, डबडब आला तर गिलावा सुटलाय आणि वरून काहीही भरलं तरी ते सुटलेल्या पापुद्र्यावरच बसणार. तेवढा भाग काढून नवाच करावा लागतो.

भिंतभर जाळं असेल तर दोष बहुतेक गिलाव्याचाच. मऊ ब्लॉकवर १:३ चा (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) कडक माल मारला की माल सुकताना जोरात आकसतो आणि पाठीमागचा ब्लॉक त्याला आवरू शकत नाही. गिलावा ब्लॉकपेक्षा कडक नको, म्हणून आतून १:६ पुरतो. "सिमेंट जास्त घातलं, मजबूत केलं" असं ठेकेदार अभिमानाने सांगतो तेव्हा मला पुढचं चित्र दिसायला लागतं.

तपासणी ३: एटीएम कार्ड

कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर असते. ते भेगेत शिरलं नाही तर अजून घाबरायचं कारण नाही. सहज शिरून हलत असेल तर पुढच्या तपासण्या टाळू नका. चार-पाच कार्डं एकावर एक ठेवून शिरत असतील, म्हणजे ३ मिलिमीटरच्या पुढे, तर हा आपला विषय राहिला नाही. वर सांगितलेला इंजिनिअर बोलवा.

तपासणी ४: भिंतीच्या पलीकडे जा

तीच भेग पलीकडेही त्याच उंचीवर आहे का ते बघा. एकाच बाजूला असेल तर दोष गिलाव्याचा किंवा झिरीचा, म्हणजे पाइपसाठी भिंतीत मारलेल्या खाचेचा. दोन्ही बाजूंना असेल तर भिंत आरपार फुटली आहे किंवा जोडातून सुटली आहे. मी या पायरीत वर्षानुवर्षं आळस केला, कारण पलीकडे शेजाऱ्याचं स्वयंपाकघर असतं आणि बेल वाजवायचा संकोच वाटतो. वाजवा. एकदा तर पलीकडे शेजाऱ्यांनी नव्या चिमणीच्या पाइपसाठी भिंतीला भगदाड पाडलेलं निघालं, आणि इकडे मी सिमेंटला दोष देत होतो.

स्विचबोर्डवरच्या उभ्या भेगेचं उत्तर इथेच मिळतं. चार इंची भिंतीत छिन्नी-हातोड्याने खोल झिरी मारली, पाइप टाकला आणि वरून नुसता माल दडपला. पुष्कळदा तर एकाच जागी दोन्ही बाजूंनी झिरी मारलेली असते. मग भिंतीत उरतं काय? झिरी कटरने कापावी, भिंतीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याहून खोल नको, आणि पाइपवर फायबरची जाळी लावून मगच गिलावा.

तपासणी ५: प्लॅस्टिकचा तुकडा

हातभर पारदर्शक प्लॅस्टिक भेगेवर चारही कडांनी टेपने बंद करा आणि दिवसभर सोडून द्या. आतून, म्हणजे भिंतीकडच्या बाजूने, दव धरलं तर भिंतीत ओल आहे. बाहेरून पाणी येतंय की बाथरूममधून, ते आधी शोधा. ओली भिंत भरून उपयोग नाही. ती सुकेल तशी आकसत राहील.

तपासणी ६: पीओपीची चकती

रंग खरवडून भेगेवर आडवी, अर्धा सेंटिमीटर जाडीची पीओपीची चकती लावा आणि तीवर तारीख कोरा. पेन्सिल टोकांची वाढ सांगते, चकती रुंदीची. चकती शाबूत राहिली तर भेग झोपली आहे. फुटली तर जागी आहे, आणि जाग्या भेगेत कडक माल भरला तर तो चकतीसारखाच फुटेल. पुढे काय भरायचं ते या चकतीवर ठरतं.

तपासणी ७: गिलावा उघडणं

इथून धूळ आणि खर्च सुरू. भेगेवर वीतभर चौकोन आखा, कटरने कडा कापा आणि गिलावा काढा. स्विचबोर्डजवळ असाल तर आधी मेन स्विच बंद. नळाची लाइन कुठून जाते ते माहीत नसेल तर थांबा आणि प्लंबरला विचारा.

कॉलमला लागून असेल तर बहुतेक वेळा तिथे जाळीच नसते. काँक्रीट आणि ब्लॉक वेगवेगळ्या गतीने आकसतात आणि तापतात, म्हणून त्या सांध्यावर निम्मी काँक्रीटवर, निम्मी ब्लॉकवर अशी फूटभर रुंद जाळी लागते. कधी जाळी असते, पण सरळ ब्लॉकला खिळवलेली आणि गिलावा तिच्या मागे शिरलेलाच नसतो. अशी जाळी असून नसल्यासारखी. एकीकडे मला डासांची जाळी सापडली होती. कल्पकता म्हणायची! कॉलमचा गुळगुळीत पृष्ठभाग टाचे मारून खडबडीत न करता तसाच सोडलेला असणं हेही नेहमीचंच.

पायऱ्यांची भेग असेल तर दरजांत खिळा घालून बघा. आडव्या दरजा भरलेल्या आणि उभ्या दरजा उपाशी, हे मी सर्वांत जास्त पाहिलं आहे. ब्लॉक टेकवायचा, ठोकायचा, पुढे जायचं. उभी फट कोण बघतंय? भेग ब्लॉकच फोडून गेली असेल तर उलटं कारण संभवतं: जुडाईचा माल ब्लॉकपेक्षा कडक. दरज फुटली तर भरता येते, ब्लॉक फुटला तर काम वाढतं. ३ मिलिमीटर थराच्या ब्लॉक जोडण्याच्या केमिकलने बांधलेल्या भिंतीत मला हा त्रास कमी दिसला आहे, अर्थात ब्लॉक सुके असतील तर.

खिडकीच्या कोपऱ्यातली तिरकी भेग म्हणजे लिंटेल (खिडकीवरची काँक्रीटची आडवी तुळई) दोन्ही बाजूंना पुरेसं टेकलेलं नाही, किंवा खिडकीखाली काँक्रीटची पाटलीच, म्हणजे भिंतीतली आडवी पट्टीच, नाही. कोपऱ्यात ताण एकवटतो आणि भिंत तिथूनच उसवते. जाळीने ही भेग दबते, पण लिंटेल खरोखर तोकडं असेल तर ते बदलणं टेका देऊन करायचं काम आहे. हौशी माणसाचं नाही.

तपासणी ८: बीमखालचा सांधा

सगळ्यात अवघड आणि सगळ्यात जास्त गैरसमज असलेली भेग. लोक म्हणतात बीम खचला. बीम खचत नाही, तो वाकतो आणि तेवढं वाकणं हिशोबात धरलेलं असतं. आयएस ४५६:२००० प्रमाणे भिंती आणि फिनिशिंग झाल्यानंतरचं वाकणं गाळ्याच्या (बीमच्या दोन आधारांमधल्या अंतराच्या) ३५० व्या भागाहून किंवा २० मिलिमीटरहून, जे कमी असेल त्याहून, जास्त नको. ५ मीटरचा बीम घ्या. ३५० ने भागा. १४ मिलिमीटर. म्हणजे नियमात बसणारा, निरोगी बीमसुद्धा काही वर्षांत सेंटिमीटरभर खाली येऊ शकतो.

आता भिंत बीमला दुसऱ्याच दिवशी कच्चून भिडवली असेल तर काय होईल? वरचा बीम वाकला की भिंत दबते आणि कुठेतरी फुटते. खालचा बीम जास्त वाकला की भिंत त्याच्याबरोबर खाली जाते आणि वरच्या बीमशी फट उघडते. त्यात ब्लॉकचं स्वतःचं आकसणं. म्हणून वरच्या थराशी एक-दोन सेंटिमीटर फट सोडायची आणि ती होईल तितक्या उशिरा, शक्यतो वरच्या मजल्यांच्या भिंती झाल्यावर, वरून खाली येत भरायची. घाईच्या साइटवर हे कुणी करत नाही.

दुरुस्तीत ही फट मोकळी करून तिच्यात दबणारं काहीतरी भरतात: पीयू (पॉलियुरेथेन) फोम, आणि दोन्ही कडांना रंगवता येईल असं पीयू सीलंट. एका वेळी मीटरभरच उघडायचं, ते भरायचं, मग पुढचा मीटर. सगळी फट एकदम उघडली तर भिंतीचा वरचा आधारच जातो. बाहेरची भिंत, लांब भिंत किंवा मधे पाटली नसलेली चार इंची भिंत असेल तर मी स्वतःही इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावत नाही. जिन्याच्या आणि लिफ्टच्या भिंतीत साधा फोम नको, तो जळतो. आणि कुठल्याही परिस्थितीत बीमचं काँक्रीट छिलायचं नाही.

सगळ्यात वरच्या मजल्यावर हीच भेग दिसली तर कारण बहुतेक ऊन असतं. १० मीटरचा स्लॅब ३० अंशांनी तापला तर ३ मिलिमीटर लांबतो आणि रात्री परत आखडतो. भिंत रोज ओढली जाते. इलाज भिंतीत नाही, गच्चीवर आहे: पांढरा परावर्तक थर किंवा तुकड्या-तुकड्यांच्या चिनी मातीच्या टाइल्स. गच्ची थंड न करता खोलीतली भेग भरणारे गृहस्थ मला दरवर्षी भेटतात.

भरायचं कसं

झोपलेल्या भेगेला सेंटिमीटरभर खोल, व्हीच्या आकाराची खाच द्या. ब्रशने धूळ पूर्ण काढा. ब्लॉकची भुकटी राहिली तर काही धरत नाही. प्रायमरचा हात द्या आणि पॉलिमर मिसळलेला माल दोन थरांत भरा. त्यावर वीतभर रुंद, अल्कली सोसणारी फायबरची जाळी मालाच्या मधोमध दाबा, मग पुट्टी. जाग्या भेगेत कडक माल नको. अ‍ॅक्रिलिक किंवा पीयू सीलंट वापरा. सिलिकॉन घरात पडलंय म्हणून भरू नका, त्यावर रंग बसत नाही.

बाहेरच्या बाजूचं काम दुसऱ्या मजल्याच्या वर असेल तर शिडीवर चढू नका. परांची आणि पट्टा असलेले लोक त्यासाठी असतात.

भरल्यावर लगेच रंग नको. दोन-तीन आठवडे प्रायमरवरच ठेवा आणि त्याच टोकांना पेन्सिलच्या नव्या रेघा मारा. रेघेच्या पुढे काही सरकलं नाही तर रंगाऱ्याला बोलवा. जुन्या तारखांचे फोटो मात्र फोनमधून उडवू नका. कधी इंजिनिअर आलाच, तर तो पहिल्यांदा तेच मागतो.